उजव्या कानातला आवाज

संगमनेरला बसस्टँडमागच्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर माझी रेकॉर्डिंगची खोली आहे. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकी कायमची बंद. दोन वर्षांपूर्वी पठारावरच्या एका गावातून तिथं एक जोडपं आलं होतं. तो साठीचा, खडीच्या क्रशरवर उभा जन्म घालवलेला. ती त्याच्याहून चार-पाच वर्षांनी लहान. दोघं गावच्या भजनी मंडळात गायची. मुलीनं हट्ट धरला म्हणून पाच भजनं रेकॉर्ड करायची होती.

मी चार माईक लावले. त्याला एक, तिला एक, त्यांच्यासोबत आलेल्या मंडळातल्या दोघांच्या पेटीला आणि तबल्याला एकेक. काचेपलीकडून मी बघत होते. प्रत्येक भजन संपलं की ती काहीतरी बोलायची. "अहो, पाणी प्या. घसा ओढू नका." नाहीतर मला विचारायची, "ताई, ह्यांचं चुकलं तर परत घेता येईल ना?" आणि स्वतःच हसत सुटायची.

एडिटिंगला बसले तेव्हा ते सगळं मी काढून टाकलं. खोकला, हसू, 'अहो'. प्रत्येक ठिकाणी निवडायचं आणि डिलीट. मग चार माईकच्या चार ट्रॅकचा मिळून, डाव्या आणि उजव्या कानात वेगवेगळं ऐकू येईल असा एक स्टिरिओ केला. काचेतून मला ती दोघं जशी दिसली होती तशीच बसवली: तो डावीकडे, ती उजवीकडे. हेडफोन लावला की दोघं समोर बसून गातायत असं वाटायचं. मला माझ्या कामाचं फार कौतुक वाटलं. पुढं डिस्क भरली तेव्हा मूळ ट्रॅक पुसले. गाणी तर त्यांच्याकडे पोचलीच होती.

गेल्या उन्हाळ्यात, ऐन दुपारी, तो एकटाच जिना चढून आला.

"मावशी नाही आल्या?"

"ती गेली ना. संक्रांतीच्या आधी. झोपेतच." तो खुर्चीत बसला, खिशातून मोबाईल काढला. "ताई, ह्याच्यात ती लई बारीक येती. माझाच आवाज मोठा. तिचा जरा वाढवून द्या."

मी ऐकून पाहिलं. दोघांचे आवाज बरोबरीचे होते. तरी त्याला हेडफोन लावला आणि उजवीकडचा, म्हणजे तिचा आवाज वाढवला. त्याची मान हलेना. आणखी वाढवला. शेवटी तो म्हणाला, "उजवा कान गेलाय माझा, क्रशरनं. म्हनून तर ती कायम डाव्या अंगाला बसायची."

मला समोरून ती उजवीकडे दिसली होती. त्याच्या ती डावीकडेच होती. इतके महिने तो इअरफोन लावून बसत होता आणि मी तिला त्याच्या बंद कानात बसवलं होतं.

डावं-उजवं बदलायला अर्धं मिनिट लागलं. मी गाणं सुरू केलं. तो एकदम ताठ बसला. मग डोळे मिटून पाचही भजनं ऐकली. ओठ हलत होते, आवाज मात्र काढला नाही.

हेडफोन उतरवून म्हणाला, "आन् मधलं? ती मधी बोलली हुती ते?"

"गाण्यात नको म्हणून काढलं मी, काका."

"काढलं, पर ठिवलं असंल की कुठंतरी."

काही नाही हे ठाऊक असूनही मी त्याच्यासमोर प्रत्येक फोल्डर उघडला. तो स्क्रीनकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होता.

"न्हाई?"

"नाही राहिलं."

"तुमाला तरी काय ठावं," तो म्हणाला. "पोरीच्या मोबाईलात तिचे फोटो लई हायत. बोलनं कुठंच न्हाई."

बदललेली गाणी त्याच्या मोबाईलात भरून दिली आणि मी त्याला स्टँडपर्यंत सोडायला गेले. एसटी लागली तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "परत या, काका."

"आता कशाला?" तो सहज म्हणाला आणि गाडीत चढला.

दुसऱ्या दिवशी पुसलेल्या फाईली परत काढून देणाऱ्या एका दुकानदाराकडे मी ती डिस्क नेली. चार दिवसांनी त्या दुकानदाराचा फोन आला. त्या जागेवर केव्हाच एका शाळेच्या गॅदरिंगची गाणी उतरली होती.