बोटं न उमटणारं सारवण

कडाव गावात कुणाकडे लग्न निघालं की अंगण सारवायला मोतीबाईला बोलावणं जायचं. शेणात माती किती, पाणी किती, ते तिचा हातच ठरवायचा. पण तिची ख्याती दुसऱ्याच गोष्टीची. तिच्या सारवणावर बोट उमटलेलं दिसायचं नाही. बाया खोट काढायला मुद्दाम वाकून बघायच्या आणि हात हलवत परत जायच्या.

मग घरोघरी फरश्या आल्या. मोतीबाईच्या घरी तर सगळ्यांच्या आधी. "कसं चकचकीत दिसतंय रं!" म्हणत तिने शेजारी म्हणून मलाही चपला काढून फरशीवरून चालायला लावलं होतं. सारवण गेल्याचं तिला काडीचंही दुःख नव्हतं. मला ते कोडंच वाटायचं.

गेल्या वर्षी कोंडाणे लेण्यांच्या वाटेवर मुंबईच्या प्राचीताईंनी हौसेने मातीचं घर बांधलं आणि सारवायला मोतीबाईला बोलावलं. स्कूटरवरून मीच सोडायला गेलो. तिने ओटी अशी सारवली की हात फिरवत राहावा. प्राचीताई बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "मावशी, छान झालंय. पण मला हाताचे फराटे दिसायला हवेत. पुन्हा कराल?"

मोतीबाईला वाटलं, थट्टाच चाललीय. "ताई, फराटे शिकाऊ पोरींचे दिसतात."

"मला तेच सुंदर वाटतात."

तिने पुन्हा सारवलं. परतताना मागे बसून नुसती धुसफुसत होती. "वास्तुशांतीला गावच्या बाया येनार. ती खोट काढनारी सोनाबाई येनार. माजं नाक कापलं जानार रं!" मला आधी हसू आलं, पण तिचा आवाज रडवेला झाला होता. आयुष्यभर कमावलेलं ते नाव, तेवढंच तर होतं तिच्यापाशी. 

वास्तुशांतीच्या दिवशी सोनाबाई ओटीवर पाऊल ठेवताच थबकली. "हे कुनी सारवलं गं?"

प्राचीताई कौतुकाने म्हणाल्या, "आपल्या मोतीबाईंनीच!"

बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या. आता मोतीबाई सगळं प्राचीताईंवर ढकलणार, असं मी धरून चाललो होतो. तिने ढकललं नाही.

"मीच सारवलं," ती म्हणाली. "यांना असंच आवडतं. घर त्यांचं हाय."

सोनाबाई खाली बसली. खोट काढायलाच बसली असणार, दुसरं काय! तिने एका फराट्यावर आपला पंजा टेकवला, बोटांवर बोटं जुळवून बघितली. सोनाबाईची बोटं फराट्याबाहेर जात होती.

"अगं मोते," ती वर बघून म्हणाली, "तुजा हात येवढासा हाय व्हय?"

मोतीबाई चक्क लाजली. इतकी वर्षं तिच्या सारवणावरून चाललेल्या त्या बाया मग एकेक करून खाली बसल्या आणि आपापला पंजा लावून बघू लागल्या.