पुण्यात अप्पांना पडलेल्या टाळ्या

मी अणदूर सोडलं त्या सकाळी अप्पा जागरणाहून थेट स्टँडवरच आले होते. कपाळावर भंडारा, डोळे लाल, काखेत फडक्यात गुंडाळलेली दिमडी. माय आधीच येऊन बसली होती. कडक भाकरी, शेंगाची चटणी, लसणाचा ठेचा, असं तिनं इतकं बांधून आणलं होतं की पुण्यात कुणी चूल पेटवतच नाही असं तिला वाटत असावं. एसटी आली. अप्पांनी माझी बॅग वर चढवली, पोरगी एकटी आहे हे कंडक्टरला दोनदा बजावलं आणि मग खिडकीखाली येऊन म्हणाले, “तिकडं कुनी इचारलं, बाप काय करतो, तर शेती करतो म्हनू नगंस. वाजिवतो म्हन.” गाडी हलली. माय रडत होती म्हणून मी रडले नाही. सोलापूर आल्यावर मात्र राहवलं नाही.

तुमच्यापैकी जे आमच्या भागातले आहेत त्यांना दिमडी काय ते सांगायला नको. पण पुण्यात इतकी वर्षं काढल्यावर सगळंच समजावून सांगायची सवय लागते, म्हणून सांगते. हातात मावेल एवढं लाकडी कडं, एका बाजूनं शेळीचं कातडं ताणून बसवलेलं. खंडोबाचे वाघ्ये जागरणात ती बोटांनी वाजवतात आणि तिच्या तालावर देवाची गाणी म्हणतात. आमच्या घरात मेंढरं आहेत, थोडी कोरडवाहू जमीन आहे आणि पिढ्यानपिढ्या ही दिमडी आहे. वाजवण्याआधी ती शेकावी लागते. गार कातड्यातून ओल्या पोत्यावर थाप मारल्यासारखा धप्प आवाज येतो. गोवऱ्या पेटवायच्या, जाळ बसू द्यायचा, लाल आर पडला की त्यावर लांबून दिमडी फिरवायची आणि मधूनमधून टिचकी मारून ऐकायचं. कातडं चढत चढत एका जागी येतं आणि एकदम खणखणतं. तिथं थांबायचं. लहानपणी मी वाकून आराकडं बघत बसायची तेव्हा अप्पा म्हणायचे, “डोळ्यानं न्हाय बाई, कानानं शेकायची आसती.”

पुण्यात कुणी विचारलंच नाही, बाप काय करतो ते. ऑफिसात विचारतात ते गाव कुठलं. अणदूर म्हटलं की कळत नाही, नळदुर्गजवळ म्हटलं की किल्ला का, असं म्हणतात, तुळजापूर म्हटलं की हात जोडतात, आणि बोलणं तिथंच संपतं. मी एका दातांच्या दवाखान्यात पेशंटच्या अपॉइंटमेंट सांभाळते. दिवसभर एसीत बसते, गोड बोलते, ‘थोडं वेट कराल का’ असं मराठी बोलते. गावी गेले की पहिले दोन दिवस माझी जीभ अवघडते आणि परत आल्यावर इथं पुन्हा दोन दिवस. आमच्या खंडोबाचीही दोन घरं. वर्षाचा बराचसा काळ तो अणदुरात असतो, उरलेला नळदुर्गला. मला घरची आठवण यायची तेव्हा माय फोनवर म्हणायची, “देव बी दोन गावात ऱ्हातो की गं, तुला काय झालंय?” मी हसायचे. पण देवाला न्यायला-आणायला सगळं गाव वाजतगाजत येतं, आणि मला रविवारी रात्रीच्या गाडीचं आरक्षण मिळेल की नाही याचाच घोर असायचा.

माझी रूममेट एका कलामंडळात जायची. तिच्यामुळं मीही जायला लागले. एका जुन्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये नाटकं व्हायची, गच्चीवर कविता वाचायचे, कुणी मातीची भांडी करायचं, कुणी कॉफी. गाद्यांवर मांडी घालून बसायचं आणि संपल्यावर लगेच उठायचं नाही, चर्चा करायची. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही, पण माणसं प्रेमळ होती. तिथली सगळी जमवाजमव करणारी ऋचा एकदा म्हणाली, ब्राझीलचा एक वादक येतोय, रेनातो नावाचा. तो पांदेरो वाजवतो, म्हणजे हातात धरायचं, बोटांनी वाजवायचं कातड्याचं कडं. मोठ्या हॉलमध्ये त्याची कॉन्सर्ट आहे आणि त्याला इथल्या कुणासोबत तरी थोडा वेळ वाजवायचं आहे. आपल्याकडं असं वाद्य कोण वाजवतं?

मी म्हणाले, “माझे वडील वाजवतात.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाले. सगळे माझ्याकडं वळून बघायला लागले. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! दोन गावांत वाटून घेतलेलं माझं आयुष्य आता एका सतरंजीवर बसणार, असंच मला वाटलं.

अप्पांना फोन केला. ते म्हणाले, “त्येंला समजंल का?” मी म्हटलं, तुम्ही वाजवा तर खरं. त्यानंतर महिनाभर ते गावात भेटेल त्याला सांगत होते की पुण्यात आपलं वाजवणं आहे, परदेशी माणूस आहे जोडीला. त्यांच्यासोबत जागरणात तुणतुणं धरणाऱ्या किसनतात्यांनी तर फाट्यावरच्या हॉटेलात सगळ्यांना चहा पाजला. पुण्यानं आपल्याला एकदा ऐकावं, एवढीच अप्पांची इच्छा होती. पोरगी ज्या गावानं नेली त्या गावाला आपण काय ते कळावं. हे ते बोलले नाहीत, पण त्यांनी नवं धोतर आणि नवा पटका घेतला होता.

स्वारगेटला उतरले तेव्हा त्यांच्या एका हातात दिमडी आणि दुसऱ्या हातात खताच्या पोत्याची पिशवी होती. पिशवीत गोवऱ्या. “तुज्या पुन्यात कुटं घावत्याल?” म्हणाले. रिक्षावाल्यानं वास घेतला आणि पिशवी पायाशी ठेवून घेतली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी बंगल्याच्या गच्चीवर तालीम झाली. कडक ऊन होतं. अप्पांनी दिमडी कठड्यावर उन्हात ठेवली आणि ती तेवढ्यावरच चढली. रेनातो चाळिशीतला, सावळा, हसरा गडी. त्याच्यासोबतच्या दुभाषी मुलीनं सांगितलं की तो तिकडच्या कोरड्या मुलखातला आहे, त्याच्याही घरी शेळ्या होत्या. अप्पांनी त्याच्या वाद्याचं कातडं चिमटीत धरून पाहिलं, मान डोलावली. मग दोघं वाजवायला लागले. सुरुवातीला जुळेना. रेनातो पुढं पळायचा, अप्पा थांबून त्याच्याकडं बघायचे. मग अप्पांनी एक गाणं उचललं आणि तो मागं मागं आला, आणि मग गच्चीवर असं काही झालं की खालून चहा घेऊन आलेली बाई ट्रे हातात तसाच धरून उभी राहिली. आम्ही मोजकी माणसं होतो. कुणाला मोबाईल काढायचं सुचलं नाही. उद्या आहेच की, असं प्रत्येकाला वाटलं असणार.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये शिरल्याबरोबर अप्पांनी खांद्यावरचं उपरणं अंगाभोवती ओढून घेतलं. एसी इतका थंड की मलासुद्धा काटा आला. साउंडचेकला त्यांनी दिमडीवर थाप मारली आणि धप्प झालं. पुन्हा मारली. धप्प. साउंडचा माणूस म्हणाला, मी इकडून वाढवतो, काळजी करू नका. अप्पा मला म्हणाले, “धप्प वाडिवल्यावर काय व्हईल? मोटं धप्प.” मग ते गोवऱ्यांची पिशवी घेऊन निघाले. गेटवरच्या वॉचमननं हॉलच्या आवारात काहीही पेटवू देणार नाही म्हणून सांगितलं. तो भला माणूस होता, सांगलीकडचा. त्याचंही बरोबर होतं. ऋचानं मॅनेजरला फोन लावला, मॅनेजरनं नियम सांगितला, तोही बरोबर होता. त्या दिवशी चुकीचं कुणीच नव्हतं. त्यामुळं चिडायलाही माणूस मिळेना.

शेवटी आम्ही गेटबाहेर फुटपाथवर गोवऱ्या रचल्या. तेवढ्यात आतून निरोप आला की कार्यक्रमाचा क्रम बदललाय, अप्पांचं वाजवणं शेवटी नाही, सुरुवातीलाच आहे, चला. गोवरीचा आर पडायला वेळ लागतो, तो कुणाच्या सांगण्यानं लवकर पडत नाही. शेजारी चहाची टपरी होती. टपरीवाल्यानं आपण होऊन पातेलं बाजूला केलं आणि म्हणाला, बाबा, घ्या ह्यावर. अप्पांनी गॅसच्या निळ्या जाळाकडं क्षणभर पाहिलं. मग नेहमीसारखी मान बाजूला वळवली, डोळे मिटले आणि टिचकी मारत दिमडी फिरवायला लागले.

ती ऑफिसं सुटायची वेळ होती. समोर सिग्नल. हॉर्न, बसचे ब्रेक, भोंगा लावून अडकलेली एक ॲम्ब्युलन्स. अप्पा टिचकी मारत होते आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडत होत्या, कारण त्यांना ऐकूच येत नव्हतं. दिमडी चढली असणार, खणखणलीही असणार, पण ती त्या गोंगाटात कुणाला ऐकू येणार? ते डोळे मिटून वाट बघत राहिले. मग चट्ट झालं. तेवढं मात्र मला ऐकू आलं. कातडं या काठापासून त्या काठापर्यंत फाटलं होतं.

टपरीवाला सारखा “सॉरी बाबा, सॉरी बाबा” म्हणत होता, तर अप्पा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “तुजं काय न्हाय रं त्यात.”

आत गेल्यावर रेनातोनं फाटलेली दिमडी पाहिली आणि त्याचा चेहराच उतरला. त्यानं आपला पांदेरो दोन्ही हातांनी अप्पांसमोर धरला. अप्पांनी तो घेतला, कपाळाला लावला आणि परत दिला. मी म्हटलं, “अप्पा, वाजवा की ह्याच्यावर, जमेल तुम्हाला.” ते म्हणाले, “जमंल गं. पर ह्ये त्येच्या घरचं हाय. ह्येच्यावर म्या देवाला कसं बोलवू?” मग नुसतं गा म्हटलं. तर त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं. वाघ्या हातात दिमडी असल्याशिवाय मल्हारीला हाक मारत नाही, हे मला काय माहीत नव्हतं?

तरीही रेनातोनं त्यांना स्टेजवर बोलावलं. मानानं, हात धरून. माइकवर तो त्याच्या भाषेत काहीतरी बोलला, दुभाषी मुलगी माझ्याजवळ विंगेतच राहिली होती, त्यामुळं कुणाला काही कळलं नाही. निवेदिकेनं अप्पांचं नाव घेतलं, धाराशिव जिल्ह्यातून आलेले थोर लोककलावंत म्हणाली. पांढरं धोतर, पिवळाधमक पटका, कपाळभर भंडारा, आणि दोन्ही हात रिकामे. अप्पांनी ते जोडले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतले लोक उठून उभे राहिले, मग मागचेही उठले. अहो, थांबा, तुम्ही ह्यांना ऐकलेलंच नाही, असं मला ओरडावंसं वाटत होतं. पण ओरडून काय सांगणार होते? कालच गच्चीवर यायला हवं होतं म्हणून? मी विंगेतला पडदा मुठीत धरून उभी राहिले. अप्पा खाली आले, खुर्चीवर बसले आणि संपूर्ण कार्यक्रम त्यांनी मन लावून ऐकला. परत जाताना रिक्षात एकच म्हणाले, “गडी लई मन लावून वाजिवतो.”

टाळ्यांचा तेवढा तुकडा ऋचानं मोबाईलवर घेतला होता. अप्पांनी मागितला म्हणून मी तो त्यांच्या फोनवर पाठवला.

पुढं सणाला गावी गेले तर फाट्यावरच्या हॉटेलात अप्पा मोबाईल धरून बसलेले, भोवती माणसं. टाळ्या वाजत होत्या, मोबाईलमधले अप्पा नमस्कार करत होते. कुणीतरी विचारलं, “आन् वाजिवल्यालं कुटाय?” अप्पांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, “हिनं टाळ्याच घेतल्या बगा. वाजिवल्यालं घ्यायचं इसरली.” सगळे हसले. मी म्हणाले, “व्हय, इसरले.” माझी जीभ त्या दिवशी अजिबात अवघडली नाही.

किसनतात्यांनी मोबाईल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. आयुष्यभर त्यांनी अप्पांच्या शेजारी तुणतुणं धरलंय. अप्पांचे रिकामे हात त्यांना दिसले. ते मला कळलं, कारण त्यांनी मान वर करून आधी माझ्याकडं पाहिलं, मग भिंतीकडं. मग तात्यांनी मोबाईल अप्पांच्या हातात दिला आणि त्यांना नावानं हाक मारत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आवाज वाडीव की म्हाळू. परत लाव.”

अप्पांनी परत लावलं.

फाटक्या दिमडीला त्यांनी अजून नवं कातडं चढवलेलं नाही. विचारलं की “बगू” म्हणतात. जागरणाची आमंत्रणं आली की गुडघा दुखतो म्हणतात. माय फोनवर सांगते आणि मी दवाखान्याच्या काउंटरवर बसून ऐकते. मला काहीच करता येत नाही. तिथं असते तरी करता आलं नसतं, हेही मला कळतं. इथं माझा फ्लॅट आहे, रेशनकार्डावर इथलाच पत्ता आहे. पण घर कुठं म्हणाल, तर सगळं कळूनही ‘परत लाव’ म्हणणारा माणूस जिथं बसलेला असतो, तिथं. त्या हॉटेलात माझी वेगळी खुर्ची नाही, तरीही.

माझ्यासारखे निघून आलेले तुम्ही, तुम्हाला यातलं काही समजावायला नको. अणदुरातल्या तुमच्यासाठी मात्र एक विनंती आहे. हे वाचलंत तर वाचलंत, अप्पांना कळू देऊ नका. फाट्यावर भेटले तर विचारा, पुण्याला कसं झालं. ते मोबाईल काढतील. जरा जवळ सरका आणि शेवटपर्यंत ऐका.