नव्या गाडीतली शेजारची सीट

माझा धाकटा भाऊ आयुष्यभर टॅक्सी चालवत आला. त्याची हायब्रिड गाडी जुनी झाली, तेव्हा त्याच गाडीचं नवं मॉडेल बघायला तो बायकोला आणि मला शोरूममध्ये घेऊन गेला. भावजयीला हल्ली माणसं ओळखू येत नाहीत. घरात ती नवऱ्यालाही "तुम्ही कोण?" विचारते. गाडीत बसली की मात्र गिअरच्या दांड्यावरच्या त्याच्या हातावर आपला हात ठेवते आणि म्हणते, "अहो, सावकाश." एवढाच संसार उरलाय त्याचा.

गाडी देखणी होती, खोटं कशाला बोलू? बसकं छप्पर, पट्टीसारखे बारीक दिवे. भाऊ म्हणाला, "ताई, हिचे डोळे बघ, थेट तुझे! कायम बारीक करून रोखलेले."

"चावटपणा पुरे, आत बस," मी म्हटलं.

दोघं आत बसले. दांडा गेला होता, त्याच्या जागी बोटभर खटका होता. दोन सीटांच्या मध्ये रुंद, उंच कप्पा. भावजयीचा हात त्या कप्प्यावर चाचपडत राहिला. भावाने आपला हात पुढे केला, तर तिने अंग चोरलं.

"ड्रायव्हर, आमचे हे कुठे राहिले हो?"

बाहेर उभ्या सेल्समनने विचारलं, "काका, रंग कुठला आवडला?"

"जुनीच दुरुस्त करून घेतो," भाऊ म्हणाला आणि तिचं दार उघडायला उतरला.

परतताना जुन्या गाडीत तिला दांडा सापडला, त्यावरचा त्याचा हातही सापडला. भाऊ मुद्दाम जरा वेगात निघाला. "अहो, सावकाश" काही आलं नाही.