अण्णांचा काळी एकचा तानपुरा

आमच्या अण्णांचा तानपुरा काळी एकला लागायचा, पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या खालच्या सुरात. जाड तारा, रुंद घोडी, आणि आवाज इतका खोल की रहिमतपूरच्या घरात मी स्वयंपाकघरात असले तरी पाठीत जाणवायचा. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, दिवसभर उसाला पाणी पाजायचा आणि संध्याकाळी गायला बसायचा. शेजारी चेष्टा करायचे, "सुभेदार, गाताय का झोपवताय?" अण्णा म्हणायचे, "जुन्या लोकांची पद्धत हाय गड्या, घाई करून सूर घावत न्हाई."

मीही गाते, पण माझा सूर काळी चार, बराच वरचा. अण्णा गेले आणि तानपुरा दोन वर्षं गवसणीतच राहिला. मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर रियाज करून मी विटले, तेव्हा म्हटलं, वडिलांचंच वाद्य आपल्या सुराला लावून घ्यावं. उचलला आणि मिरजेला नेला.

कारागीर चाचा म्हातारे. म्हणाले, "ताई, तारा बारीक घालाव्या लागतील, घोडीबी घासावी लागंल." तारा टेकतात ती घोडी, तिच्या उतारावर तारांची गुणगुण ठरते. चाचांनी कानस हातात घेतली आणि परत खाली ठेवली. "घासायच्या आधी मालकानं एकदा ऐकायचं. आमच्या दुकानाची रीत हाय."

मला परतीची गाडी गाठायची होती. "आवं चाचा, जन्मभर तेच ऐकलंय की! घासा तुमी."

'अति घाई संकटात नेई' ही पाटी घाटात मी शंभरदा वाचली असेल. काय उपयोग!

तानपुरा सुरेख झाला. सगळे म्हणतात, लय गोड लागलाय. पण घरी आणून छेडला आणि मला रडूच फुटलं. ह्यात अण्णा नव्हते. दुसऱ्या दिवशी परत मिरज. चाचा म्हणाले, "जाड तारा चढवून देतो की. पन घासलेली घोडी भरून येत न्हाई, ताई."

आता अण्णांच्या गाण्याचं मी मोबाइलवर केलेलं एक रेकॉर्डिंग तेवढं उरलंय. नुसता तानपुरा कोण रेकॉर्ड करून ठेवतं? त्यात अण्णा मोकळ्या गळ्यानं गातात आणि तानपुरा त्यांच्या आवाजाखाली झाकून जातो. मधेच त्यांना खोकला येतो, ते थांबतात. चारी तारा एकदा, फक्त एकदा, एकट्या ऐकू येतात. आणि लगेच माझा आवाज: "आवं अण्णा, नासवलंत की सगळं!"

रोज ऐकते. रोज त्या जागेशी आले की स्वतःला म्हणते, बाई गं, आज तरी गप्प बस.