हुशार दिवा आणि आबांचे डोळे

आमच्या गणपतीच्या खोलीतला दिवा हुशार आहे. तो मी बसवला आहे.

छताला बशीएवढा पांढरा सेन्सर आहे. खोलीत कोणी हललं की दिवा लागतो, अर्धं मिनिट कोणीच हललं नाही की विझतो. (विजेची बचत!) भिंतीवरची जुनी बटणं मी उपटून काढली आणि भोकांवर पुट्टी मारून वर रंगसुद्धा दिला. एक तरी बटण राहू दे, असं माझी बायको नीलम सांगत होती. जमाना कुठे चाललाय हे मी तिला अर्धा तास समजावलं.

त्या चवथीला पेडण्याच्या आमच्या घरात काळजी होती ती आबांच्या डोळ्यांची. आबा म्हणजे माझे थोरले काका. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डॉक्टर म्हणतो आता उशीर नको, आणि आबांचं एकच पालुपद, "माका सगळा दिसता." गेल्याच आठवड्यात त्यांनी तुळस समजून शेजाऱ्याच्या स्कूटरला पाणी घातलं होतं. तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. पण दोन दिवसांनी ते विहिरीच्या कठड्याला अडखळले, तेव्हा कोणालाच हसू आलं नाही. काकी तर येता-जाता पदराने डोळे पुसायची.

आरती झकास झाली. घुमटाचा ठेका, टाळ, टाळ्या, सगळी खोली हलत होती, त्यामुळे दिवाही लख्ख. मग आबा गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. गाऱ्हाणं म्हणजे घरातल्या कर्त्याने देवाला सगळ्यांच्या वतीने घातलेलं साकडं. बाकीच्यांनी हात जोडून, मान खाली घालून, खांबासारखं स्तब्ध उभं राहायचं आणि मध्ये मध्ये "व्हय महाराजा" म्हणायचं. सेन्सर विकत घेताना हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

आबा मूळपुरुषापर्यंत पोचले आणि दिवा गेला.

कोणीतरी दचकून हललं, दिवा आला. गाऱ्हाणं मोडलं की पहिल्यापासून घालायचं, म्हणून आबांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा मूळपुरुष, पुन्हा अंधार. मी मोबाइल खिशातून बोटभर वर सरकवून पाहिला, तर बाहेर पाऊस आणि नेट गायब. दिव्याचं ॲप म्हणत होतं, उपकरण संपर्कात नाही. अरे, माझ्या डोक्यावर तर आहे ते!

इतक्यात आबांचा आवाज ऐकू आला, अगदी बारीक. "दिवो गेलो, काय माझे डोळे गेले?"

समईच्या उजेडात त्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी सगळ्यांच्या मागे होतो, तिथेच दोन्ही हात वर केले आणि जिवाच्या आकांताने हलवू लागलो. दिवा आला. थांबलो तर जाणार, म्हणून थांबलोच नाही. हात दुखले तेव्हा कमरेतून डुललो.

काकीने वळून पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. "आंगात इला ह्येच्या! आजोबांच्या पण असाच येय."

मी तोंड उघडणार, तोवर आबा माझ्यासमोर आले. ज्या माणसापुढे मी कधी खुर्चीवर बसलो नाही, तो हात जोडून विचारत होता, "महाराजा, एकच इचारतंय. डोळ्यांचा ऑपरेशन करू काय नको?"

खरं सांगावं तर आबा घरीच बसणार. मी डुलत डुलत, आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एकेरीत म्हणालो, "कर. दोनूय डोळ्यांचा कर."

मग रांगच लागली. शेजारणीने म्हशीचं विचारलं. सर्वांत शेवटी नीलम पुढे आली, पदर सावरून, ओठ दाबून. "महाराजा, ह्या घरात आनी नवीन मशीन हाडपाचा काय?" नवीन यंत्र आणायला मी "नको" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

दिवाळीआधी आबांचे दोन्ही डोळे झाले. काकी आनंदाने पुन्हा रडली आणि सकाळ-संध्याकाळ माझ्या पाया पडू लागली. मी तिला टाळायला पणजीची आधीची बस धरू लागलो.

पुढच्या चवथीला, वर्षभर बंद असलेली ती खोली उघडल्यावर आबा आत शिरले, आणि त्यांची नजर थेट छताला.

"ह्या काय?"

मी सांगितलं, सगळंच सांगितलं. आबांनी छतावरची नजर माझ्याकडे वळवली. इतकं स्वच्छ बघताना मी त्यांना लहानपणानंतर पाहिलंच नव्हतं.

"काकीक सांगू नको," एवढंच म्हणाले.

आरती झाली, आबा गाऱ्हाण्याला उभे राहिले. पीकपाणी झालं, पोरंबाळं झाली, आणि शेवटी आवाज चढवून ते म्हणाले, "आनी महाराजा, ह्या माझ्या पुतण्याक बुद्धी दी!"

"व्हय महाराजा!" सगळं घर गरजलं. सगळ्यांत मागे मीही म्हणालो, दोन्ही हात वर करून, डुलत डुलत. दिवा जायला नको.