विनिपेगच्या भिंतीवरची नावं

कॅनडात, विनिपेगला लेकीकडे आले की दुपारी मी जवळच्या बागेत जाते. तिथल्या एका भिंतीवर या शहरात जन्मलेल्या आणि इथेच वारलेल्या नामवंतांच्या पितळी पाट्या आहेत. काल बर्फ भुरभुरत होता. एक म्हातारी बाई हातमोज्यानं एका गायकाच्या पाटीवरचा बर्फ हळूच पुसत होती.

“तुमचे कोण?” मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं.

“शेजारी. अंगणातला बर्फ उपसताना शीळ घालायचा. पाटीवर ते नाही लिहिलेलं.”

जन्माच्या गावापासून मरणाच्या गावापर्यंत माणूस कुठे कुठे सांडून राहतो, असं काहीसं मनात तरंगत राहिलं.

“तुमचं इथे कोणी?” तिनं विचारलं.

“माझे यजमान. जन्म कऱ्हाडचा. मागच्या हिवाळ्यात आम्ही लेकीकडे आलो होतो, तेव्हा इथेच गेले. शाळामास्तर होते. त्यांची पाटी कोण लावणार?”

“नाव काय त्यांचं?”

चाळीस वर्षं मी त्यांना नुसतं ‘अहो’ म्हणत आले. उखाण्याबाहेर त्यांचं नाव कधी घेतलंच नव्हतं.

“दत्तात्रय,” मी म्हणाले. थंडीत तोंडातली वाफ क्षणभर समोर थांबली.

मग तिनंही ते नाव अडखळत, पण अगदी जपून, दोनदा उच्चारलं.