खिळा ठोकायची परवानगी

लातुरात मी जितक्या घरांत भाड्यानं राहिले, तितक्या घरमालकांनी एक अट न चुकता घातली. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. पाव्हणेरावळे आले, पाणी जरा जास्त सांडलं, तर एखादवेळी सांभाळून घेतील, पण खिळा न्हाई म्हणजे न्हाई. माझ्या मायला या अटीचा लई राग. तिच्याकडं बुद्धाची एक तसबीर आहे, लाकडी चौकटीची, काचेची. ती माझ्या बाबांनी मुदखेडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये लावली होती. बाबा रुळावरच्या गँगमध्ये कामाला होते. नोकरीत असतानाच ते गेले, क्वार्टर सोडावं लागलं, आणि तेव्हापासून ती तसबीर साखरेच्या डब्याला टेकून फळीवर उभी. माय रोज संध्याकाळी तिच्यापुढं मेणबत्ती लावायची आणि रोज पुटपुटायची की टेकवून ठेवलेल्या घराला काय घर म्हणायचं.

मी नर्स. खाजगी दवाखान्यात आहे, आयुष्य ड्युट्यांमध्ये गेलं. लग्न जमता जमता राहिलं, मग मीच तो विषय मिटवला. क्वार्टर सुटल्यावर माय माझ्याजवळ लातूरला आली. दोघी बायकाच, त्यात आमचं आडनाव. फोनवर खोली रिकामी असते. समोर जाऊन आडनाव सांगितलं की ती खोली मालकाच्या मेव्हण्याला अचानक लागणार असते. किती मेव्हणे असतात एकेकाला, बाई. पुढंपुढं मला तोंडावरूनच कळायला लागलं, आणि मी मायला रिक्षातून उतरूसुद्धा द्यायची नाही.

म्हणून घर घ्यायचं ठरवलं. हौस म्हणून नाही, या मेव्हण्यांना कंटाळून. नांदेड रोडला, गाव संपता संपता, एका रिटायर गुरुजींचं छोटं रो-हाऊस विकायला निघालं होतं. दोन खोल्या, पुढं ओटा, आणि बोअरला पाणी. लातुरात बोअरला पाणी आहे म्हटल्यावर माणूस बाकी काही बघत नाही. गुरुजींनी चहा दिला, बोअर चालू करून दाखवली, आणि आडनाव विचारलंच नाही. इसाराच्या कागदावर मी सही केली तेव्हाच त्यांनी ते वाचलं असेल, पण चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. तिथंच माझा जीव त्या घरात गुंतला. माय आतल्या भिंतीवर तळहात फिरवून आली आणि म्हणाली, "हितं लावायची. दारातून दिसंल अशी. येवढा एक खिळा ठोकू दे मला, मग मेले तरी चालंल."

मी म्हटलं, बाई, आधी कर्ज तर होऊ दे.

कर्जाची मला काळजी नव्हती. पगार वेळेवर, डोक्यावर दुसरा बोजा नाही. बँकेतला साहेब वयानं माझ्यापेक्षा बारका, बोलायला गोड. त्यानं कागद बघितले, कॉम्प्युटरवर काहीतरी टाकलं आणि त्याचा गोडवा जरा कमी झाला. कर्जफेडीचा स्कोर फार खाली आहे म्हणाला. मी म्हटलं, साहेब, मी कुणाचा रुपया बुडवला नाही. त्यानं कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं फिरवला. नांदेडच्या एका फायनान्स कंपनीचं पर्सनल लोन, माझ्या नावावर.

आता हे लोन कुठलं, ते सांगते. बाबांच्या मागं आमच्या सगळ्या भावकीत पगाराची स्लिप असलेली मी एकटीच. आमच्यासारख्या घरात अशा स्लिपचं काय होतं ते ज्याचं त्याला ठाऊक. ती स्लिप एकटीची राहत नाही. मावशीच्या घरचा फ्रिज माझ्या नावावर, चुलतभावाचा मोबाईल माझ्या नावावर, आत्याच्या पोरीच्या आंदणातली शिलाई मशीन माझ्या नावावर. त्या सगळ्यांनी हप्ते नीट भरले, खोटं का बोलू. बाबा गेल्यावर अनुकंपावर भावाला नोकरी लागणार होती, पण ते कागद काही लवकर हलेनात. भाऊ माझ्यापेक्षा बारका, नांदेडला मित्राच्या खोलीवर पडून राहायचा. मग त्यानं जुना ऑटो घ्यायचं काढलं. त्याला कोण कर्ज देणार? माय मला म्हणाली, "सही कर गं. तुला आहे, त्याला न्हाई. पाठचा भाऊ हाय." मी केली. हप्त्यासाठी नांदेडला माझ्या नावाचं वेगळं खातं उघडलं, भावानं त्यात दर महिन्याला पैसे टाकायचे असं ठरलं.

बरेच दिवस त्यानं टाकले. स्टेशन ते गुरुद्वारा त्याचा ऑटो चांगला चालायचा. मग ऑटोचं इंजिन बसलं, आणि नेमकं त्याच सुमाराला मायच्या गर्भपिशवीचं ऑपरेशन आलं. त्याचे हप्ते थांबले, माझे पैसे ऑपरेशनला गेले. फायनान्सवाल्यांचे फोन माझ्या वॉर्डात यायला लागले. पेशंटच्या हातात सुई घालताना खिशात फोन थरथरायचा. मी भावावर चिडले, तो म्हणाला, अक्का, तू काळजी करू नको, मी मिटवून राहिलो.

आणि त्यानं मिटवलं. तो त्यांच्या हापिसात जाऊन बसला आणि हळीच्या बाजारात बैलाचा सौदा करावा तसा घासाघीस करत राहिला. राहिलेल्या रकमेच्या अर्ध्यात ते तयार झाले. ऑटो भंगारात विकून त्यानं ते अर्धे भरले, आणि मी जाऊन सेटलमेंटच्या कागदावर सही केली. आमच्या घरात काय आनंद झाला म्हणून सांगू. कर्जाचं अर्ध्यात मिटणं म्हणजे आमच्याकडं हुशारी. गावोगाव तडजोडी होतात, माफ्या होतात, ज्याचं मिटलं त्याचं लोक कौतुकच करतात. मायनं पुरण घातलं आणि शेजारणीला सांगितलं की माझ्या लेकानं फायनान्सवाल्याला सुद्धा वाकवलं.

बँकेतल्या साहेबानं त्या ओळीवर बोट ठेवलं. "मॅडम, कर्ज फेडलं असं नाही लिहिलेलं. तडजोड केली असं लिहिलंय. म्हणजे तुम्ही पूर्ण पैसे दिले नाहीत." मी म्हटलं, पण त्यांनीच तर कमी केले. तो म्हणाला, त्यांनी कमी केले, आम्ही कसे विसरू? हे त्यानं इतक्या नम्रपणानं सांगितलं की मला भांडताही येईना. भांडायला समोर कुणीतरी उद्धट तरी पाहिजे.

मी दुसऱ्या बँकेत गेले. तिथून तिसरीत. मग कुणीतरी सांगितलं की मॅडम, जितक्या ठिकाणी विचाराल तितका तो स्कोर आणखी घसरतो. हात दाखवून अवलक्षण. एक एजंट भेटला, त्यानं एका खाजगी कंपनीचं कर्ज काढून देतो म्हणून सांगितलं. व्याज ऐकून मी त्याच्यासमोर हसले आणि बाहेर जिन्यात येऊन रडले. तितका हप्ता भरायचा म्हणजे आम्ही दोघींनी जेवण सोडायचं.

शेवटी एक मार्ग उरला. जे अर्धे माफ झाले होते तेच परत भरायचे, नो ड्यूजचा कागद आणायचा आणि स्कोर सुधारायची वाट बघायची. पैसे मी पीएफमधून काढणार होते. सुट्टी टाकून नांदेडला गेले. फायनान्सचं हापिस मिठाईच्या दुकानावरच्या माडीवर होतं. तिथं आता नीट परीक्षेचे क्लास चालू होते. वर्गातली पोरं माझ्याकडं बघायला लागली, तेव्हा सरांनी बाहेर येऊन सांगितलं की ते लोक कधीच गेले. खाली मिठाईवाल्याला माहीत होतं, त्या कंपनीनं जुनी कर्जं दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीला विकून टाकली. मी त्या कंपनीचा नंबर शोधून तिथूनच फोन करत राहिले. तिकडून दर वेळी नवी मुलगी बोलायची, हिंदीत, आणि मी दर वेळी पहिल्यापासून सांगायची. तिकडून उत्तर एकच, आमच्याकडं तुमचं खातं बंद आहे, मॅडम, बंद खात्यात पैसे कसे घेणार? माझ्या हातात पैसे, मी द्यायला तयार, आणि घ्यायला कुणी नाही. त्या दिवशी मी नांदेडच्या स्टँडवर बसून राहिले, लातूरच्या गाड्या समोरून सुटत राहिल्या. आपण आता काय केलं म्हणजे बरं होईल, हेच मला समजत नव्हतं. आजारी माणसाला मी रोज सांगते की उपाय असतो, धीर धरा. मला स्वतःला सांगायला काही सापडेना.

गुरुजींनी लई वाट बघितली. त्यांना मुलाकडं पुण्याला जायचं होतं, तरी थांबले. एक दिवस तेच आमच्या खोलीवर आले आणि इसार परत देऊन गेले. कायद्यानं त्यांनी ठेवून घेतला असता तरी बोलायला मला तोंड नव्हतं. म्हणाले, बाई, माझाही नाइलाज आहे. मायनं त्यांना चहा दिला. ते गेल्यावर तिनं विचारलं की बँक का न्हाई म्हणाली. तोवर मी तिला पगार कमी पडतो असं सांगत आले होते. त्या दिवशी मात्र मला ते तोंडात धरून ठेवता आलं नाही. तुझ्या लेकानं अर्ध्यात मिटवलं ना, म्हणून, असं मी म्हणून गेले. माय पदराचं टोक चोळायला लागली. मग म्हणाली, "त्याला काई बोलू नको. सही कर म्हून मीच म्हणले होते. मला बोल."

मी भांडी घासायला घेतली.

मधल्या काळात भावाचे कागद हलले होते. बाबांच्या जागेवर त्याला नोकरी लागली, लग्न झालं, बायको चांगली शिकलेली मिळाली. तो दोन्ही वेळा माझ्या पाया पडायला आला, मी आशीर्वाद दिला आणि मनापासून दिला. आमचं घर हुकलं त्याच वर्षी त्याचा फोन आला. नांदेडला फ्लॅट घेतोय म्हणाला, कर्ज मंजूर झालं, बँकवाल्यानं एका शब्दानं अडवलं नाही. "अक्का, स्कोर एकदम क्लीन निघाला माझा." हे तो मला खिजवायला म्हणाला नाही, त्याला खरंच आनंद झाला होता. क्लीनच निघणार. त्याच्या नावावर आजवर काही होतंच कुठं? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण तो चोर नव्हता आणि मी संन्याशीण नव्हते. मी म्हणाले, लई चांगलं झालं. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले, कारण आतल्या खोलीत माय होती.

मायनंच विषय काढला. भाऊ तिला म्हणत होता की इकडं ये राहायला, नातवंडं होतील, आता आपलं घर आहे. ती माझ्याकडं न बघता म्हणाली की जाऊ का? मी म्हटलं, जा की. तिनं लुगडी बांधली आणि तसबीर दोन लुगड्यांच्या मध्ये गुंडाळली. फळीवरचा साखरेचा डबा तेवढा एकटा राहिला. मला थांब म्हणायचं होतं. पण कशाच्या जोरावर म्हणायचं, भाड्याच्या भिंती दाखवून?

गृहप्रवेशाला मी तिला घेऊन नांदेडला गेले. भन्तेजींनी वंदना घेतली, खीर झाली, पाव्हणे पांगले. हॉल मोठा, भिंती पांढऱ्याशुभ्र, रंगाचा वास अजून जात नव्हता. मायनं पिशवीतून तसबीर काढली. तिच्या कनवटीला एक खिळा होता, मुदखेडच्या क्वार्टरच्या भिंतीतून उपसून आणलेला, इतकी वर्षं तिनं कुठं जपला होता कुणास ठाऊक, मलाही कधी दिसला नव्हता. दारासमोरच्या भिंतीवर तिनं तळहात फिरवला आणि मला म्हणाली, "तू ठोक. पहिला खिळा तुझ्या हातचा." शेजारून हातोडी आणली, स्टुलावर चढले, खिळा टेकवला.

तेवढ्यात भावजय आतून आली. भली पोरगी आहे, ओरडली नाही. हळूच म्हणाली, "अक्का, खिळा नका ना ठोकू. नवा रंग आहे, पोपडे निघतात." चिकटवायचे हूक मागवते म्हणाली, पुढच्या आठवड्यात येतील. भाऊ मोबाईलमधून मान वर करून म्हणाला, हां अक्का, भिंत खराब नको करू. चुकीचं कुणीच काही बोललं नव्हतं. भिंत त्यांची होती.

मी स्टुलावरून उतरले आणि खिळा मायच्या हातात परत दिला. तिनं तो कनवटीला लावला, तसबीर उचलून स्वयंपाकघरात नेली आणि ओट्यासमोर उभी राहून सुनेला विचारलं, "साखरेचा डबा कुठं ठेवलाव गं?"